सात हालीला सहा कलदार

मी एक जुना हाली रुपया आहे, मित्रांनो. हाली म्हणजे निजामाच्या राज्यात चालणारा रुपया. हसू नका. आज मला घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार लिमलेटची एक गोळीसुद्धा देणार नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण एके काळी माणसाच्या कनवटीला मी असलो की त्याची चाल बदलायची, आवाज चढायचा. माझ्या एका अंगावर चारमिनार आहे, दुसऱ्या अंगावर फारसी अक्षरं. दोन्ही आता झिजलेत. डोक्यावर एक छोटी कडी डाखून जोडलेली आहे, तिच्यात काळा दोरा ओवतात. ही कडी माझ्या डोक्यावर कशी आली आणि तिच्यापायी एका पोरीचं काय झालं, तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म हैदराबादच्या टांकसाळीत झाला, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी. यंत्राखाली चांदीची चकती सरकवली, धाडकन ठोका बसला आणि झालो मी. यंत्राखाली, हे ध्यानात घ्या. कारण माझं दुखणं तिथूनच सुरू होतं. निजामाच्या हद्दीबाहेर इंग्रजांचा मुलूख होता आणि तिथला रुपया वेगळा होता. त्याला लोक कलदार म्हणायचे. कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. आता तुम्हीच सांगा, मी काय कुंभाराच्या चाकावर झालो होतो? तोही यंत्रातला, मीही यंत्रातला. पण नाव मिळालं त्याला.

बरं, नावाचं सोडा, भावाचं ऐका. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत. एवढा किचकट हिशेब कोण डोक्यात ठेवणार? लोकांनी तो सोपा करून टाकला. सात हाली, सहा कलदार. पोरंसोरंसुद्धा पाढ्यासारखं म्हणायची. कलदारात चांदी माझ्यापेक्षा थोडी जास्त होती, हे मी कबूल करतो. थोडीच.

पहिली काही वर्षं मी नांदेडकडे फिरलो. गिरणीच्या पगारात गेलो, भोकरच्या बाजारात कापसाच्या बदल्यात आलो, एका लग्नात वाजंत्र्याच्या हातात पडलो. तिकडे कलदार फारसा दिसायचा नाही, त्यामुळे मी मजेत होतो. जगात रुपया एकच आणि तो म्हणजे आपण, अशी माझी समजूत होती. मग एका अडत्याच्या थैलीतून मी लातूरला आलो आणि माझा नक्षाच उतरला.

लातूरच्या गंजात, म्हणजे घाऊक बाजारात, कापसाच्या, शेंगांच्या राशी लागायच्या. तिथून छोटी रेल्वे बार्शीला जायची आणि बार्शी म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिकडचे व्यापारी येताना कलदार घेऊन यायचे. म्हणून लातुरात जागोजाग रुपये बदलून देणारे सराफ बसलेले असत. लातूरला डब्यात चढताना मी सोळा आण्यांचा असायचो आणि बार्शीला उतरलो की पावणेचौदा आण्यांचा. वाटेत मला कुणी कातरलं नाही, कुणी घासलं नाही, मग माझे सव्वादोन आणे गेले कुठं? अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यातही भाव एका जागी थांबेल तर शपथ. कापूस निघाला की बाजारात कलदारांचा सुकाळ व्हायचा आणि मी जरा वर चढायचो. शेतसारा भरायचे दिवस आले की मला लई मान, कारण निजाम सरकार आपला भरणा हालीतच घ्यायचं. मग सराफ मला हातात घोळवत म्हणायचा, "आज हाली तेज हाय." तो दिवस माझा सणाचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपले सात आणि ते सहा. मला दुसरं काही सुचायचंच नाही. सकाळ झाली की एकच विचार, आज कलदारासमोर आपण कितीचे?

लातूर स्टेशनावर मारोती नावाचा हमाल होता, अहमदपूरकडच्या एका खेड्यातला. कापसाच्या गाठी तो पाठीवर घेऊन डब्यात चढवायचा. रेल्वेचं काम म्हणून मजुरी कलदारात मिळायची. त्याचं लग्न ठरलं, तेव्हा त्याच्याकडे सहा कलदार साठले होते. आपल्या होणाऱ्या सुनेच्या गळ्यात रुपयांची माळ घालायची, अशी त्याच्या आईची, सरजाबाईची हौस. सहा रुपये बघून ती म्हणाली, "सहा? सहाची माळ कुटं असती का रे? मदला कंचा म्हनायचा?"

खरंच की! माळेला मधला पदकासारखा एक लागतो, दोन्ही बाजूंना सारखे लागतात. सहामध्ये मधला काढायचा कसा? मारोती सराफाकडे गेला, सहा कलदार दिले आणि सात हाली घेतले. त्या सातांत मी होतो. सराफानं आम्हाला वरून सोडलं, मारोतीच्या पसरलेल्या ओंजळीत, हात लागू नये म्हणून. मारोतीचे कलदार मात्र त्यानं पाणी न शिंपडता गल्ल्यात टाकले. रुपयाला विटाळ होत नाही आणि माणसाला होतो, हे गणित मला कधी सुटलं नाही.

सोनारानं आमच्या डोक्यावर कड्या डाखल्या. मी मधला झालो. जन्मात पहिल्यांदा कलदारापेक्षा मी बरा ठरलो होतो, कारण आम्ही सात होतो. लग्नात नवरी धुरपताबाई माळ घालून बसली तेव्हा बायका माना उंच करून बघत होत्या. चौदा-पंधरा वर्षांची ती पोर सारखी खाली बघून मला चाचपायची. तेवढं सुख मला आयुष्यात दुसरं कुणी दिलं नाही. खोटं कशाला बोलू?

पुढे निजामाचं राज्य गेलं. हैदराबाद हिंदुस्थानात आलं. काही वर्षं मी आणि नवा रुपया शेजारी शेजारी चाललो आणि मग दवंडी पिटली गेली की हाली बंद होणार, ज्यांच्याजवळ असतील त्यांनी सरकारी भावानं बदलून घ्यावेत. भाव कोणता? तोच. सात हालीला सहा. मारोती माळ कमरेला बांधून रांगेत उभा राहिला. खिडकीशी पोचल्यावर कळलं, कडी डाखलेले रुपये घेता येत नाहीत, तसा नियमच आहे. रांगेतला एक शहाणा वर म्हणाला, "लढाईतले दिसतेत. लढाईतल्या हालीत चांदी कुटली? निस्तं तांबं."

लढाईच्या दिवसांत हालीमधली चांदी कमी केली होती, हे खरं. पण मी लढाईच्या आधीचा! ओरडून सांगावंसं वाटलं, पण रुपयाला तोंड कुठं असतं? मारोतीनं त्या शहाण्याचं ऐकलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "खोटे हायेत म्हनं. चांदी न्हाई ह्यात. घाल गळ्यात, चांगले दिसतेत." त्या दिवसापासून मला भावच उरला नाही. पावणेचौदा आणे म्हणून मी एवढा कुढत होतो, आता ते पावणेचौदा आणेही गेले. गावात बाकीच्यांचे हाली जाऊन नवे रुपये आले आणि मी धुरपताबाईच्या चोळीआड काळा पडत गेलो.

छपन्न साली त्यांच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली. घरातले देवाचे टाक, गळ्यातले ताईत सगळं बाहेर निघालं. कुणीतरी माझ्याकडेही बोट दाखवलं. धुरपताबाईनं मला मुठीत धरलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर देव न्हाई, इमारत हाय. ऱ्हाऊ द्या." अशी मी त्यातूनही सुटका करून घेतली. त्याच वर्षी तिला मुलगी झाली. पंचशीला. आधीची दोन लेकरं जगली नव्हती, म्हणून ही फार लाडकी. अंगावर पिताना ती मला तोंडात घालायची. तिचे दुधाचे दात माझ्यावर उमटले नाहीत, पण ओळख मात्र पक्की झाली.

मारोती पुढे दहा वर्षांनी गेला. धुरपताबाईनं लोकांच्या शेतात खुरपून पोरीला शिकवलं. आणि बहात्तर साली पंचशीला मॅट्रिक झाली, त्या वस्तीतली पहिली मुलगी. तिला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी दोन वर्षांचं ट्रेनिंग होतं. ट्रेनिंगच्या मुलाखतीला जिल्ह्याच्या गावाला या, असा निरोप शाळेत आला. हेडमास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले.

आता जिल्ह्याचं ऐका. निजामाच्या काळात आमच्या अहमदपूरचा जिल्हा बीदर होता. मग तो उस्मानाबाद झाला. सरजाबाई म्हणायची, "आपुन हितंच हावोत, जिल्हाच हिंडून राहिला." उस्मानाबादला जायचं म्हणजे लातूरला उतरायचं, दुसरी एस्टी धरायची, दिवस मोडायचा. जायचं-यायचं भाडं धरून बारा रुपये लागत होते.

बारा रुपये! आणि साल कोणतं? बहात्तर. पाऊस नाही, पेरलेलं करपलेलं, विहिरींत नुसता गाळ. सगळं गाव सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. मजुरी हातात पडायला उशीर व्हायचा आणि पडली की ती थेट पोटात जायची. उसने मागावेत तर गावात कुणाच्या घरी दोन वेळा चूल पेटत होती? सरजाबाई तेव्हा बिलोलीला लेकीकडे गेलेली. धुरपताबाईनं हातपाय खूप मारले, पण बारा रुपये जमले नाहीत. मुलाखतीचा दिवस आला आणि गेला. पंचशीला रडली नाही. दुसऱ्या दिवशी आईबरोबर खडी फोडायला गेली.

ती सबंध वर्ष खडी फोडत होती, मित्रांनो. सवय नसलेला हात. एकदा हातोडा निसटून डाव्या हाताच्या मधल्या बोटावर बसला. नीट उपचार झाले नाहीत आणि ते बोट वाकडं राहिलं. आणि मी? मी रोज तिच्यासमोर तिच्या आईच्या गळ्यात लोंबत होतो. माझे सहा भाऊ माझ्या दोन्ही बाजूंना होते. आम्हाला काही किंमत नाही, हे तिला ठाऊक होतं, तिच्या आईला ठाऊक होतं आणि आम्हालाही ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मुलाखतीचा निरोप आला. हेडमास्तर म्हणाले, "या वर्षी सोडू नका. पोर एकदा कामाला जुंपली की पुन्हा पुस्तकाकडे वळत नाही. मी किती बघितलीत." धुरपताबाईनं अर्धपोटी राहून सहा रुपये बाजूला टाकले होते. सहा कमी पडत होते. सरजाबाई आता परत आली होती. ती म्हणाली, "धुरपते, गळ्यात सात हाली हायेत की. सात हालीला सहा कलदार. सरकारनं जबान दिलती. कड्या काढून दे, सराफ न्हाई कसा म्हनल?"

म्हातारीचा तो भाव तोंडपाठ होता. तो मोडीत निघून अठरा वर्षं झाली होती, पण तिच्या लेखी तो सूर्य उगवण्याइतका पक्का. धुरपताबाईलाही ते पटलं. सात हाली, सहा कलदार, आणि सहाच तर कमी होते! मलाही पटलं. खरं सांगतो, माझी छाती फुगली. म्हटलं, शेवटी आपला भाव परत आला.

सकाळीच धुरपताबाई, पंचशीला आणि अमीरबी अशा तिघी अहमदपूरला निघाल्या. अमीरबी ही बांगड्या विकणारी. दुष्काळात बांगड्या कोण भरणार? म्हणून तीही खडीवर येत होती आणि धुरपताबाईची मैत्रीण झाली होती. बाजारात संगप्पा सराफाच्या दुकानाशी त्या थांबल्या. धुरपताबाई दुकानाची पायरी चढली नाही. जुनी सवय. खालूनच तिनं माळ पुढे केली.

"अप्पा, सात हाली हायेत. सहा रुपये द्या."

संगप्पानं माळ हातात घेतली, नखानं मला खरवडलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "सहाच?"

धुरपताबाईला वाटलं, हा भाव पाडून राहिला. तिचा आवाज चढला. "सहाला एक पै कमी घेणार न्हाई! सात हालीला सहा कलदार, सरकारी भाव हाय. मला येडी समजू नका."

"अहो बाई, हाली बंद पडून किती सालं झाली. तो भाव आता कुटं राहिला?"

"म्हंजे घेत न्हाई म्हना की सरळ. आना हिकडं माळ!"

"घेत न्हाई असं कोन म्हनलं? वर तरी या, बसा." संगप्पानं आम्हाला काळ्या दगडावर घासून कस बघितला. मग काट्याच्या पारड्यात ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मी पारड्यात बसलो. आजवर मला फक्त मोजलं होतं, जोखलं कुणीच नव्हतं. संगप्पा म्हणाला, "एकेकाचे साडेचार येतेत. सातांचे साडेएकतीस."

मी थरारलो. साडेचार? एका हालीचे साडेचार रुपये? अरे, कुठं आहे तो कलदार? बोलवा त्याला! मी मनातल्या मनात नाचत होतो. पण धुरपताबाईचा चेहरा काळवंडला. न मागता पाचपट पैसे कोण देतं? आणि तेही सराफ?

"कामून?" ती मागे सरकली. "इतके कामून देता? पोलिसाचं काही लफडं तर न्हाई ना? मला न्हाई पायजे. निस्ते सहा द्या."

संगप्पानं कपाळावर हात मारला. "आता काय करावं या बाईला!"

मग अमीरबीच पुढे झाली. "अगे धुरपता, चांदी है ना वो! गये साल मैं पाँव के तोडे इधरीच मोडी. तोलके पैसे दिये अप्पा. रुपया बी चांदीकाच, येडी!"

"चांदी न्हाई ह्यात. लढाईतले हायेत हे. खोटे हायेत."

"लढाईतले न्हाईत, बाई," संगप्पा म्हणाला. "लढाईच्या आधीचे. ह्यावर साल हाय की. लई चांगली चांदी हाय ह्यात. पहिल्यापासून हाय."

माझं खरं वय अखेर कुणीतरी सांगितलं होतं. मी खूष व्हायला हवं होतं. पण धुरपताबाई मटकन पायरीवर बसली. ती पंचशीलाच्या हाताकडे बघत होती, त्या वाकड्या बोटाकडे. नजर न हलवता ती म्हणाली.

"मागल्या साली बी हे गळ्यातच होते की वो, अप्पा."

संगप्पानं नजर काट्यावर वळवली. अमीरबीनं तोंडाला पदर लावला. आणि धुरपताबाई रडायला लागली, भर बाजारात, मोठ्यानं. "तीन रुपये मोडले असते तर माजी लेक गेली असती. तिला खडी फोडावी लागली नसती. गळ्यात चांदी घालून मी लेकराला उपाशी ठिवलं. मी मायच कशाची?"

मलाही माझी लाज वाटली, मित्रांनो. जन्मभर मी एकच गोष्ट बघत आलो, त्या कलदारासमोर आपण किती उतरलो. माझ्या स्वतःच्या अंगात काय आहे, हे मी कधी विचारलंच नाही. माझी किंमत मलाच ठाऊक नव्हती, मग त्या बिचारीला कुठून कळणार? दागिना लोक जोखतात आणि पैसा मोजतात. मी तिच्या गळ्यात दागिना होऊन राहिलो, तरी तिच्या लेखी पैसाच होतो. म्हणून मला पारड्यात टाकायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

पंचशीलानं आईचे डोळे पुसले. "माय, ऱ्हाऊ दे आता. आता तर जाऊन राहिले ना मी." मग संगप्पाकडे वळून म्हणाली, "दोन मोडा अप्पा. दोनात भागतं."

"दोन न्हाई," धुरपताबाई उठून उभी राहिली. "सहा मोडा. ट्रेनिंगला राहायचं, वह्या-पुस्तकं घ्यायची, अंगावर एक धड लुगडं पायजे. सहा मोडा, एक ऱ्हाऊ द्या. गळा अगदीच मोकळा बरा दिसत न्हाई."

मी मधला, माझी कडी मजबूत, म्हणून मी राहिलो. दोरा कापला. दोन्ही बाजूंचे माझे सहाही भाऊ एकेक करून पारड्यात गेले. इतकी वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून होतो. ती हालली की आम्ही एकमेकांवर आपटायचो, तेवढंच आमचं बोलणं. आता ती चालायला लागली आणि माझा आवाजच आला नाही. संगप्पा काही देवमाणूस नव्हता, साडेचारात त्याचाही नफा होता. पण काटा त्यानं खरा धरला, हे सांगितलं पाहिजे.

पंचशीला उस्मानाबादला गेली. परत आली तेव्हा अंगणातूनच ओरडली, "माय, घेतलं मला!" सरजाबाईला वाटलं, तिच्याच भावानं काम झालं. "मी म्हनलं न्हवतं का? सात हालीला सहा कलदार." तिला कुणी खरं सांगत बसलं नाही. त्या पावसाळ्यात पाऊसही पडला. पंचशीला दोन वर्षांनी मास्तरीण झाली आणि अहमदपूरजवळच्या एका शाळेत लागली. काही वर्षांनी सरजाबाई गेली.

मग ब्याऐंशी साल आलं. पंधरा ऑगस्टला लातूर हा नवा जिल्हा झाला आणि अहमदपूर त्यात गेलं. लातुरात कमानी लागल्या होत्या, पेढे वाटत होते. पंचशीलाबाई आईला घेऊन तो सोहळा बघायला गेल्या. मी धुरपताबाईच्या गळ्यात होतोच. एस्टीत एकच तिकीट, मधे गाडी बदलायची नाही, आणि संध्याकाळी घरी परत. धुरपताबाई खिडकीतून बघत सारखी म्हणत होती, "एवढंच? एवढ्यात जिल्हा आला?" मग म्हणाली, "धा सालं आदी केला असता तर कुनाच्या बापाचं काय गेलं असतं?"

परत येताना अहमदपूरच्या स्टँडवर उतरली ती घरी जाईना. तडक संगप्पाच्या दुकानात. या वेळी पायरी चढून वर जाऊन बसली. "अप्पा, माजे सहा रुपये परत द्या. आजच्या भावानं द्या. लेक कमावती हाय माजी."

संगप्पा थकला होता, पण त्यानं तिला ओळखलं. "बाई, ते त्याच हप्त्यात आटवले. कुनाच्या जोडव्यात गेले, कुनाच्या वाळ्यात गेले, आता काय सांगू?" त्यानं डबीतून दुसरे दोन-तीन हाली काढून तिच्यापुढे ठेवले. "हे घ्या. असेच हायेत."

धुरपताबाईनं ते हातात घेऊन बघितले आणि खाली ठेवले. "हे माजे न्हाईत."

तेवढं बोलून ती उठली. रुपये बदलून मिळतात, भाव चढतो, उतरतो, पण जे आटलं ते कुठल्याच भावानं परत येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझे सहा भाऊ कुणाच्या तरी पायांत असतील. त्यांना आता चारमिनारही नाही आणि अक्षरंही नाहीत.

रस्त्यात पंचशीलाबाईंनी आईच्या गळ्यातला मी हळूच हातात घेतला. "माय, हा एक राहिलाय. ह्याला जिवापाड जपू. कितीही नड आली तरी ह्याला कधी मोडायचं नाही."

धुरपताबाई गर्रकन वळली. माझ्यासमोर, माझ्या तोंडावर बोलली.

"जपू नको! जपलं म्हनूनच तुजं एक साल गेलं. मी गळ्यात घालून मिरवले अन् तू खडी फोडलीस. तुज्या लेकरावर, कुनाच्या बी लेकरावर तशी येळ आली तर मोड ह्याला. मागंपुढं बगू नको. निस्तं मोडायच्या आदी जोखून घे."

धुरपताबाई आता नाही, मित्रांनो. मी पंचशीलाबाईंच्या कपाटात असतो. त्या कधीतरी मला बाहेर काढतात, चिंचेनं घासतात, शाळेत नेऊन तुमच्यासारख्या मुलांच्या हातात देतात. जुन्या वस्तू तुम्हाला आपल्या गोष्टी सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मलाही तसं म्हणावंसं वाटतं. कुणाला मोडून घ्यायची हौस असते? पण धुरपताबाई रागावेल. म्हणून मी तिचंच सांगतो. तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही असेल, तर त्याची खरी किंमत आजच विचारून ठेवा, नड येईपर्यंत थांबू नका. आणि नड आलीच तर मला खुशाल मोडा. माझं काय, मी कुणाच्या तरी पायात जोडवं होऊन फिरत राहीन. पोरीची गाडी तेवढी चुकू देऊ नका.